तिने सांगितलेला सिनेमा

मुरबाडहून कल्याणला कॉलेजला जाताना आमच्या जीपमध्ये सुपरहिरोंच्या सिनेमांवरून रोज वाद व्हायचा. मूळ कॉमिकमध्ये असं नाहीच, हे मी ठासून सांगायचो. खरं तर मी एकही कॉमिक वाचलेलं नव्हतं.

एकदा जीपमध्ये म्हसा गावाहून येणारी आमच्या वर्गातली मुलगी हळूच म्हणाली, "तुमी जपानी अ‍ॅनिमेशन बघा ना. धरणात गाव बुडालेल्या म्हातारीचा एक सिनेमा हाय. जाम भारी."

"कार्टून? ते माझी भाची बघते," मी म्हणालो. सगळे हसले. ती पुन्हा आमच्या वादात बोलली नाही.

महिन्याभराने मी तो सिनेमा एकट्याने पाहिला. म्हातारी पाण्याकडे बोट करून आपलं अंगण दाखवते, तिथे मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी जीपमध्ये मी तो सगळ्यांना सुचवला. ती समोरच बसली होती.

"तुला कुठं सापडला रे?" एका मित्राने विचारलं.

"असाच, शोधताना," मी म्हणालो.

कल्याणला उतरल्यावर तिने मला एवढंच विचारलं, "शेवट आवडला ना?"

तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच लाज वाटली. मी नुसती मान हलवली. जीपमधल्यांना खरं काय ते मी कधीच सांगितलं नाही.