शिरूर ते शिरूर, मार्गे घाट

एसटी स्टँडवर विसरलेल्या पिशव्या कंट्रोलरच्या खोलीत साठत जातात, तसे आमच्या मंडळाकडं किस्से साठलेत. मालक न्यायला येत नाहीत आणि टाकून द्यायला जीव होत नाही! माझे वडील, आप्पा, शिरूरच्या स्टँडवर कंट्रोलर, म्हणून मला पिशव्याच आठवतात.

मंडळ म्हणजे आम्ही तिघं. मी, शाळेत शिकवणारी शैला, आणि कोरेगाव भीमाहून मोटरसायकलवर येणारा बाळू. तो तिथल्या एका कंपनीत सुपरवायझर होता. नव्व्याण्णव साली दिल्लीचं शिक्षण संपवून मी परतले ती डोक्यात एक खूळ घेऊनच. आपलं गाव आपल्याच माणसांना पायी हिंडून दाखवायचं. नदीचा घाट, छावणीच्या काळातली थडगी, जुना बाजार. सगळं उघड्यावर आणि सगळं फुकट! ज्याला आपलं गाव माहीत नाही तो ते राखणार कसा?

आप्पांना हे पटेना. माझं पुण्यातल्या एका ऑफिसचं बोलावणं आलेलं, महिन्याअखेरच्या सोमवारी मुलाखत. आप्पा म्हणाले, "तवर एका तरी ऐतवारी धा माणसं आणून दाखव. तुम्ही तिघं सोडून. न्हाईतर सोमवारी पहिल्या गाडीनं पुणं!"

हातात चार रविवार होते.

*

मी स्टँडसमोर बोर्ड लावला, 'मोफत घोडनदी दर्शन'. आमच्या गावाचं जुनं नाव घोडनदीच.

पहिल्या रविवारी चार बायका आल्या. चौघींच्या हातात नारळ! 'दर्शन' वाचून आलेल्या. त्यातल्या मोठ्या मावशींनी चपला स्टँडवरच काढल्या, मग बाकीच्यांनी काढल्या, मग संकोचानं आम्हीही. सगळं गाव अनवाणी हिंडलो. शेवटी घाटावर मावशींनी विचारलं, "सगळं झ्याक हाय बाई. पन देव कुठं ऱ्हायला?"

*

शैलानं बोर्ड बदलला, 'चला, फुकट फिरू या'.

दुसऱ्या रविवारी तिघं आले. त्यात सफारी घातलेले एक रिटायर्ड काका होते. दोन तास एक शब्द बोलले नाहीत. घाटावर पोचल्यावर दगडावर ऐसपैस बसले आणि म्हणाले, "हं, काढा आता."

"काय काढू?"

"कुकर! का वॉटर फिल्टर हाय? फुकट हिंडवून शेवटी कायतरी गळ्यात मारत्यातच की!"

काहीच विकायचं नाही म्हटल्यावर ते भडकले. "मग दोन तास चालवलं कशाला?"

पुढच्या रविवारी मात्र बायकोला घेऊन हजर! "हिला जरा सांगा, काय विकत न्हाई म्हणून. माझ्यावर इश्वास न्हाई हिचा."

*

त्याच तिसऱ्या रविवारी आम्ही छावणीतल्या इंग्रज साहेबाच्या थडग्यापाशी थांबलो. मी इंग्रजी अमलावर पंधरा मिनिटं बोलले. अगदी कळवळून! मागं एक शेतकरी मामा हात जोडून उभे होते. मला वाटलं, चला, एकाच्या तरी काळजाला भिडलं.

मी थांबल्यावर ते हळूच म्हणाले, "झालं का ताई? मग जरा बाजूला व्हा. पहिली कणसं आणल्यात, दरसालसारखी साहेबाला ठिवायची हायेत."

मी बाजूला झाले. तेव्हापासून तिथं भाषण मी करत नाही, मामाच सांगतात.

*

पुण्याचं एक जोडपंही होतं त्या दिवशी. घाटाच्या पायऱ्या उतरून पात्रातली वाळू बघत नवरा म्हणाला, "नदी कुठं आहे?"

बाळू गंभीरपणे म्हणाला, "ऐतवार हाय साहेब. तिला बी सुट्टी!"

त्या दिवसाची मोजदाद मामांना धरूनही पाचच. बाळूनं चेष्टेत विचारलं, "कंपनीतली पाच पोरं आणू का? ओव्हरटाइम म्हणून?" मी नको म्हटलं, पण घरी जाऊन रडले.

*

शेवटचा रविवार. चार नंबरचा फलाट नेहमी रिकामा असायचा, आम्ही तिथंच जमत असू. काका-काकू आले, नारळवाल्या चौघी आल्या, मामा आले, शैलाच्या शाळेतले दोन शिक्षक आले. नऊ! आठ वाजले, सव्वाआठ झाले, दहावं माणूस येईना. आप्पा केबिनच्या काचेतून बघत होते. मी मान खाली घातली.

तेवढ्यात कर्णा खरखरला, आप्पांचाच आवाज.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. शिरूर ते शिरूर, मार्गे घाट, थडगं, जुना बाजार, चार नंबर फलाटावर उभी आहे. गाडी साधी आहे. बसायला जागा नाही."

आख्खा स्टँड हसला. आणि बोचकं सांभाळत एक म्हातारी धावत आली. "थांब गं बाई, थांब!" दहा!

मी अक्षरशः तरंगत चालले. म्हातारीनं सगळं मन लावून पाहिलं. थडग्यापुढं मामांशी गप्पा मारल्या, बाजारात ओळखी काढल्या. मग घाटाच्या पायरीवर टेकली, पदरानं वारा घेतला आणि मला म्हणाली, "बाईमानूस कंडक्टर, लई भारी! पन दौंड कवा यायचं?"

शैलानं माझा हात घट्ट धरला. बाळू कुजबुजला, "आप्पांना काय सांगू नको."

परत येऊन मी केबिनच्या खिडकीशी गेले. "आप्पा, नऊच धरा. या आजी दौंडला निघाल्या होत्या. चुकून आल्या."

आप्पांनी चष्मा वर केला. "आजी, तुमची दौंडची गाडी गेली की."

"जाऊ द्या," आजी बोचकं खाली ठेवत म्हणाल्या. "ही गाडी फुडल्या ऐतवारी कितीला सुटती?"

आप्पांनी माझ्याकडं पाहिलंच नाही.

"आठला. चार नंबर फलाट. जरा लवकर या, फुल्ल असती!"