गुंगालिनच्या पार्लमेंटला स्पीकर मिळेना

दचकणाऱ्या माणसाकडे किस्से फार लवकर साठतात. धीट माणूस दार उघडतो, आत जातो, काम करून परत येतो. संपलं! त्यात सांगण्यासारखं काय घडणार? आमच्यासारखी माणसं दारातच काहीतरी पाडतात, कुणाच्या तरी पायावर पाय देतात आणि सॉरी म्हणताना आणखी काहीतरी पाडतात. झाला किस्सा! माझी रूममेट प्रज्ञा हॉस्पिटलमधून दमून येते, बूट काढते आणि विचारते, "बोल, आज काय केलंस?" काय झालं असं विचारत नाही. काय केलंस!

त्यातले निम्मे किस्से एकाच खोलीतले आहेत. गुंगालिनच्या कम्युनिटी सेंटरमधली मागची खोली. दर बुधवारी दुपारी, म्हणजे इथल्या भाषेत 'आर्वो'ला, तिथे आमचं पार्लमेंट भरतं. सेंटरच्या बोर्डावर 'इंग्लिश कॉन्व्हर्सेशन ग्रुप' असं काहीतरी मिळमिळीत नाव आहे, पण आम्ही एकेका देशाचे एकेक खासदार! कॅनबेरात राहून आपलं स्वतःचं पार्लमेंट नाही म्हणजे काय, असं स्टाव्रुलाचं म्हणणं.

स्टाव्रुला आमची स्पीकर. मूळची ग्रीसची, केस पांढरेशुभ्र, कानाला थोडी जड. तोंडावर मी तिला स्टाव्रुलाच म्हणते. मनात आजी.

०

मी तिथे पोचले ते चुकून.

युनी, म्हणजे युनिव्हर्सिटी, संपली होती, नोकरी नव्हती. रेझ्युमेची प्रिंट काढायला सेंटरमध्ये गेले आणि प्रिंटर शोधता शोधता भलतंच दार उघडलं. उघडल्यावर दारावरचा कागद वाचला : 'पार्लमेंटचं कामकाज चालू आहे. आत येऊ नये.'

आता मला सांगा, मी कॅनबेरात नवीन. इथे कुठल्या इमारतीत कुठलं सरकारी खातं बसलेलं असेल, काही सांगता येतं का? आतली सगळी माणसं माझ्याकडे बघतायत, आणि टेबलाच्या टोकाला एक बाई हातात लाकडी डाव घेऊन उभी!

"सॉरी!" मी ओरडले. "माझा व्हिसा व्हॅलिड आहे!"

नुसती ओरडले नाही, फोन काढून दाखवलासुद्धा. बाईंनी चष्मा वर केला, फोन हातात घेतला, व्हिसा नीट वाचला आणि म्हणाल्या,

"छान व्हिसा आहे. बस. आमच्या कोरमला एक माणूस कमी पडतंय."

०

तो लाकडी डाव म्हणजे स्पीकरचा हातोडा. ऑर्डर हवी असली की स्टाव्रुला तो टेबलावर दाणकन आपटायची, आणि प्रत्येक वेळी मी खुर्चीतून उडायचे. माझं नाव ऋजुता. ते कुणाला जमेना, म्हणून 'रू' झालं होतंच. तेविता म्हणाला, "बरोबर आहे. कांगारूमधली रू! उडी बघा."

तेविता टोंगाचा खासदार. दारात उभा राहिला की खोलीत अंधार पडतो एवढा मोठा माणूस. सिक्युरिटीची रात्रपाळी करून येतो आणि विधेयक मांडायला घेतलं की झोपतो.

मी फार उडते हे स्टाव्रुलाच्या लक्षात आलं. पुढच्या बुधवारी तिने डाव उचलला आणि आपटायच्या आधी माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "रू, मी आता मारणार आहे हं."

सत्तर देशांत फिरलेल्या माणसालाही एवढी काळजी घेणारा स्पीकर मिळणार नाही! मी टेबल घट्ट धरलं. डाव आपटला. मी बसल्या जागी राहिले.

तेविता मात्र उडाला. झोपेतून ताडकन उभा राहिला, हात वर केला आणि खड्या आवाजात म्हणाला, "अनुमोदन!"

ठराव असा होता की पुढच्या बुधवारी सगळ्यांचं जेवण तेविताने आणावं. एकमताने पास.

०

लिएन आंटी व्हिएतनामच्या. बेकरी चालवून रिटायर झालेल्या, माझ्या खांद्याला लागतील एवढ्या.

स्प्रिंगमध्ये इथे मॅगपाय पक्षी अंडी घालतात आणि रस्त्याने जाणाऱ्याच्या डोक्यावर झडप घालतात. माझ्यावर पहिल्यांदा झडप घातली तेव्हा मी हातातली पिशवी टाकून चक्क एका अनोळखी माणसाच्या गाडीत शिरले. (तो म्हणाला, "नो वरीज, मेट," आणि थोडा सरकला.) त्यानंतर बुधवारी ट्रामने जायचं म्हटलं की मी दारातच घुटमळायचे.

लिएन आंटींना हे कळलं. पुढच्या बुधवारी स्टॉपवर उतरले तर स्वच्छ उन्हात छत्री उघडून उभ्या! एका हाताने माझा दंड धरला, दुसऱ्या हाताने छत्री उंच धरली, आणि सेंटरपर्यंत मला अशा घेऊन गेल्या की जणू मीच कुणी परदेशी पाहुणी.

सीझन संपला तरी त्या येत राहिल्या. एकदा मी म्हटलं, "आंटी, आता नाही मारत ते."

त्या म्हणाल्या, "तुला माहितीये. त्याला कुठे माहितीये?"

०

इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस हे आमच्या पार्लमेंटचं अधिकृत काम. एका बुधवारी तेविता बॉस झाला.

"स्वतःबद्दल काही सांग."

मी सुरू केलं. मला फोनवर बोलायची भीती वाटते, गर्दीत घाम येतो, चूक झाली की रात्रभर तेच आठवतं…

त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "सिस्टर, मी तुला नोकरी देणार आहे. औषध नाही."

०

पण फोनचा किस्सा खरा.

कामकाज ऐन रंगात, आणि माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. म्हणजे रिक्रूटर! मी नेहमी काय करते? फोन पालथा घालते, वाजू देते, आणि मग अर्धा तास त्याचं दुःख करते.

स्टाव्रुलाने फोन सरळ केला. "हाऊस शांत राहील," तिने हुकूम दिला. लिएन आंटींनी माझा हात धरला. तेविताने स्पीकरफोन चालू केला.

"हॅलो," मी म्हटलं. आवाज म्हणजे नुसती हवा.

"हाय, ऋजुता का? आत्ता बोलायला वेळ आहे ना?"

"येस!!" अख्खं हाऊस ओरडलं.

पलीकडचा माणूस चाचरत म्हणाला, "सॉरी… तुम्ही मीटिंगमध्ये आहात का?"

खोटं मला बोलता येत नाही. त्यात घाबरले की अजिबातच नाही. मी म्हटलं, "नाही. पार्लमेंटमध्ये."

कॅनबेरात हे वाक्य सहज खपतं हे मला तोवर माहीत नव्हतं. तो एकदम आदराने बोलायला लागला! "ओ, माफ करा, हाऊसचं कामकाज चालू आहे हे लक्षात नाही आलं. तुम्हाला सोयीचं असेल तेव्हाच करू या."

मग हरजीत अंकल पुढे वाकले. ते भारताचे ज्येष्ठ खासदार, म्हणजे मी कनिष्ठ. पगडी सावरत ते फोनमध्ये म्हणाले, "मॅडमना चारला वेळ आहे."

चारला त्याने फोन केला. मी उचलला. इंटरव्ह्यू झाला, आणि आठवड्यात तीन दिवसांचं का होईना, डेटा एन्ट्रीचं काम मिळालं. सोमवार, मंगळवार, गुरुवार. बुधवार नको, हे मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. प्रज्ञाला तर तेच खरं वाटेना. "तू? तू असं सांगितलंस?"

०

आणि मग एका बुधवारी कामकाज संपता संपता स्टाव्रुला म्हणाली, "शेवटचा विषय. मी डार्विनला मुलीकडे चाललेय. कायमची."

तेवितासुद्धा जागा होता.

त्यात सेंटरची मॅनेजर ब्रेंडा डोकावली. प्रत्येक ग्रुपला किल्ली सांभाळणारं, जबाबदारी घेणारं एक माणूस लागतं. तुमचं ठरत नसेल तर बुधवारची खोली पिलाटीसच्या व्यायामाच्या क्लासला देऊ, नो वरीज! असं म्हणून ती हसत गेली. आम्हाला वरीजच वरीज.

खरं सांगू? कामावर मी दिवसभर स्क्रीनशी बोलते, घरी प्रज्ञाशी, ती ड्यूटीवर नसली तर. माझ्या आवाजाची वाट बघणारी जागा या देशात ती एकच. ती पिलाटीसवाल्यांना जाणार?

म्हणून निवडणूक.

हरजीत अंकलनी डबाभर बेसनाचे लाडू आणले. लिएन आंटींनी दोन खाल्ले आणि उभं राहून मतदारांना लाच दिल्याबद्दल तीव्र हरकत घेतली. हरजीत अंकल म्हणाले, "लाच कसली? मला उभंच राहायचं नाही. सहा महिने मी पंजाबात असतो. दुसऱ्या कुणाला तरी निवडावं म्हणून वाटतोय." लिएन आंटींचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं. तेविता म्हणाला, "स्पीकर झोपलेला चालत असेल तर मी तयार आहे."

शेवटी गुप्त मतदान झालं. चिठ्ठ्या मी मोजल्या.

सगळीच्या सगळी मतं स्टाव्रुलाला!

"मूर्खांनो!" तिने डाव आपटला. "मी चाललेय! मला कशाला मत देता?"

"पण सगळी?" मी चिठ्ठ्या परत बघत म्हटलं. "म्हणजे तुझंही मत तुलाच?"

"मग?" ती म्हणाली. "चांगला उमेदवार दुसरा कोण होता?"

०

तिचा शेवटचा बुधवार.

आदल्या संध्याकाळी मी प्रज्ञाला म्हटलं, "उद्या माझंच नाव घेतील गं. राहिलंय कोण?"

"घेऊ देत की."

"मला नाही जमणार. लोकांना 'शांत बसा' कोण सांगणार? मी?"

"मग नाही म्हण. त्यात काय? पण नीट म्हण, नाहीतर 'सॉरी, सॉरी' करत बसशील." तिने भाजी परतत माझ्याकडून पाठ करून घेतलं. थँक यू सो मच, इट्स ॲन ऑनर, बट नो. पुन्हा म्हण. बट नो. "'नो' जरा जोरात!" शेवटी ती म्हणाली, "हं, जमलं. आता भाकरी घे."

बुधवारी खोलीत केक होता, स्टाव्रुलाने स्वतःच केलेला. कोपऱ्यात पिलाटीसवाल्यांच्या गुंडाळलेल्या मॅट्स येऊन पडल्या होत्या. ब्रेंडा दारात किल्ली घेऊन उभी. स्टाव्रुला उठली. नेहमी मोठ्याने बोलणारी बाई, पण त्या दिवशी आवाज बसलेला.

"मी खूप विचार केला," ती म्हणाली. "स्पीकरने बोलायचं नसतं. दुसऱ्याला बोलू द्यायचं असतं. इथे ते एकीलाच जमतं. रू, तू होशील?"

सगळे वळले. लिएन आंटी, तेविता, हरजीत अंकल, ब्रेंडा. एवढे चेहरे एकदम माझ्याकडे! थँक यू गेलं, ऑनर गेलं, इंग्लिशच्या इंग्लिश डोक्यातून उडालं, आणि तोंडातून निघालं ते थेट सदाशिव पेठेतलं :

"नै! नै नै नै!"

स्टाव्रुलाने दोन्ही हात वर केले. "ऐकलंत? ऐकलंत?" ती धावत आली, माझे दोन्ही गाल धरले, दोन्हींचा मुका घेतला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"नै हो, नै…" मी म्हणतेय.

"हो, हो, किती वेळा म्हणशील, माझी बाय!"

तेविता टाळ्या वाजवायला लागला. ब्रेंडाने माझ्या तळव्यावर किल्ली ठेवली आणि एक मॅट काखेत मारून निघालीसुद्धा. मला काही कळेना! मी नाही म्हणतेय आणि ही माणसं नाचतायत!

फक्त हरजीत अंकल हसत नव्हते. ते माझ्याजवळ सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, "पुत्तर, तूने तो ना बोला है. है ना?"

मी मान हलवली.

"मेलबर्नमध्ये मी ग्रीक माणसाच्या फिश अँड चिप्सच्या दुकानात कितीतरी वर्षं होतो," ते हिंदीत म्हणाले. "ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हाँ."

मी स्टाव्रुलाकडे बघितलं. एका हाताने डोळे पुसत, दुसऱ्या हाताने ती माझ्यासाठी केकचा सगळ्यात मोठा तुकडा कापत होती. लिएन आंटी तिला सांगत होत्या, अजून मोठा, अजून मोठा.

"बता दूँ इनको?" हरजीत अंकलनी विचारलं.

"नै," मी म्हटलं.

तिकडून स्टाव्रुला ओरडली, "बघा! अजूनही तेच म्हणतेय!"