सोयाबीनची कंदुरी

आमच्या ह्यांनी नारायणगडावर जाऊन माळ घातली आणि घरी येऊन सांगून टाकलं, आजपासून या घरात मटण-अंडं शिजणार नाही. माळ त्यांच्या गळ्यात, पथ्य सगळ्या घराला. मला कुणी विचारलं नाही. मटणाचं जर्मनचं पातेलं त्यांनी त्याच दिवशी शेजारणीला देऊन टाकलं. ते माझ्या आईने मला दिलेलं होतं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच.

भक्तीबद्दल माझं काही म्हणणं नाही. दारू सुटली, तोंडातल्या शिव्या कमी झाल्या. पण जीभ काही माळकरी झाली नाही. आठ दिवसांत म्हणू लागले, "सोयाबीनच्या वड्या कर. पर चव मटनाचीच आली पायजे." शेरडं राखून जे रान आम्ही करतो, त्यात सोयाबीनच असतं. ते पोत्यांनी पाटोद्याच्या बाजारात जातं, घरात त्याचा दाणा शिजत नाही. आता त्याच बाजारातून त्याच्या वड्या पिशवीत बांधून येऊ लागल्या.

पहिल्यांदा मी त्या नुसत्या भिजवून रश्शात टाकल्या. कच्चट वास घरभर सुटला आणि ह्यांनी ताट सरकवलं. मग माझी मीच शिकले. मीठ घालून उकळायच्या, गार पाण्यात दोनदा धुवायच्या, मुठीत धरून थेंब गळायचा थांबेस्तोवर पिळायच्या, तेलावर खरपूस परतायच्या, मग भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि वरून रस्सा दाट करणारा येसर मसाला. पिळून पिळून मनगटं भरून यायची.

मटण होतं तेव्हा हे कष्ट माझे नव्हते. आमच्याकडे कंदुरी असते, नवसाचं बोकड कापून घातलेलं जेवण. ते पुरुषच शिजवतात, बायकांनी भाकरी थापायच्या; एरवी घरात मटण आलं तरी रीत तीच. काळीज चुलीपाशीच पुरुषांच्या तोंडात जातं, बायकांच्या पंगतीला रस्सा आणि हाडं. मटण होतं तोवर पळी त्यांच्या हातात होती. सोयाबीन आलं आणि स्वयंपाक लगेच बायकांचं काम झाला.

अशात लेक पहिल्या बाळंतपणाला आली. बाळ चांगलं झालं, पण तिला रक्त फार गेलं. ओठ पांढरेफटक, उठून उभी राहिली की भिंत धरायची. नर्सबाईने मला बजावलं, हिला अंडी द्या, काळीज द्या, डाळी-उसळी द्या, हिच्या अंगात रक्त नाही. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "सोयाबीनमंदी मटनापेक्षा लई ताकद हाय. तेच दे तिला." मी राग गिळला. रोज तिच्यासाठी वेगळ्या, बिनतिखटाच्या वड्या करू लागले. ती मुकाट्याने खायची.

माळ घालायच्या आधी हे एक नवस बोलून बसले होते. लेक सुखरूप मोकळी झाली तर शिवेवरच्या देवाला कंदुरी करीन. आता नवस मोडायचा नाही आणि बोकड तर कापायचं नाही. यावर ह्यांनी तोड काढली, सोयाबीनची कंदुरी! बोकड दावणीला पाला खात उभं आणि त्याच्या नावाची पंगत अंगणात. तीसेक माणसं बोलावली.

सकाळपासून मी हंडाभर वड्या पिळल्या. शेजारीण भाकरी थापायला आली होती. तिखट घालायच्या आधी मी लेकीसाठी मोठी वाटी भरून काढली, फडताळात झाकून ठेवली आणि ह्यांना सांगितलंसुद्धा, "ही लेकीची हाय. हिला हात लावू नका."

पुरुषांची पंगत बसली. वाढायला हे. "काय चव हाय बे! मटनाला मागं टाकलं," एक जण म्हणाला. ह्यांनी मिशीवरून हात फिरवला. "बनवायची एक पद्धत असती." पद्धत! ज्यांनी आयुष्यात एक वडी पिळली नाही, ते पद्धत सांगत होते. कंदुरीत ज्याचा मान मोठा त्याच्या पत्रावळीत तुकडे जास्त. सोयाबीनच्या वडीत ना काळीज ना हाड, सगळ्या सारख्या. तरी वाटे मानाप्रमाणेच पडले.

आमची पंगत बसली तेव्हा हंड्यात नुसता रस्सा होता. मी पळीने तळ ढवळला, एक वडी लागली नाही. ते सवयीचं होतं, म्हणून बोलले नाही. लेकीची वाटी आणायला फडताळाकडे गेले तर वाटी नाही. ती मोरीत सापडली, खरकटी.

"दोघं-तिघं मागनं आले," हे म्हणाले. "मानसं उपाशी धाडायची का? तिला रस्सा दे की. सगळी ताकद रश्शातच उतरती."

आतून लेकीचा आवाज आला. "माय, जाऊ दे. मला भूकच न्हाई."

भूक नाही! महिन्याचं बाळ अंगावर पिणारं, आणि तिला भूक नाही. हे वाक्य मी माझ्या आईच्या तोंडून ऐकत वाढले आणि तीस वर्षं स्वतः म्हणत आले. आता ते माझ्या लेकीच्या तोंडात आलं होतं. तळपायाची आग मस्तकाला गेली.

मी ती खरकटी वाटी उचलली आणि अंगणात सुपारी कातरत बसलेल्या सगळ्यांसमोर ह्यांच्या पुढ्यात आदळली. "माळ तुमी घातली, लेकीनं न्हाई. सोयाबीनमंदी ताकद हाय म्हनून तिचं काळीज बंद केलं, अन् ती ताकद बी मानसात वाटून टाकली. उद्यापासनं माझी चूल येगळी."

"चार मानसांत कशाला बोलती?" हे दबक्या आवाजात म्हणाले.

"चार मानसांतच वाढली ना तिची वाटी."

माणसं एकेक करून उठली.

दुसऱ्या दिवशी मी शेजारणीकडून माझं पातेलं परत आणलं. गोठ्यामागे तीन दगड मांडले. शेजारणीच्याच हाती पाटोद्याहून काळीज मागवलं होतं, ते शिजवलं. हे ओसरीवर पाठ फिरवून माळ ओढत बसले. त्यांनी त्यांचं करावं. लेक गोठ्यात पोत्यावर बसली आणि भाकरी कुस्करून पोटभर जेवली. पातेल्यात दोन तुकडे राहिले.

"माय, तू खा," ती म्हणाली.

मला नको, असं तोंडाशी आलं होतं. ते गिळलं आणि दोन्ही तुकडे खाल्ले. शेरडं राखण्यात माझा जन्म गेला, आणि काळीज कसं लागतं हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं.