सकिनाबींचा उजवा हात

तेर गावच्या बाजारात मशिदीकडे वळताना सकिनाबी मण्यार यांचं बांगड्यांचं दुकान आहे. एक ओटा, वर पत्रा, मागच्या भिंतीला खिळ्यांवर टांगलेल्या बांगड्या. माल त्यांचे यजमान नबीलाल सोलापूरहून आणतात. भरायचं काम सकिनाबींचं.

गिऱ्हाइकाच्या हाताकडे त्या कधी बघत नसत. समोर बाई बसली की तिचा पंजा हातात घ्यायच्या, अंगठ्याखालचा उंचवटा दाबून अंगठा आत वळवायच्या, आणि तोंडाने तिच्या माहेरची चौकशी चालू ठेवायच्या. माप सव्वादोनचं की अडीचचं, हे त्यांच्या बोटांना कळायचं. बोलता बोलता बांगडी सांध्यावरून उतरलेली असायची. लग्न होऊन मी तेरला आले, तेव्हापासून माझ्याही बांगड्या त्यांनीच भरल्या. आमचे हे गेल्यावर ते थांबलं. ओट्यावर बसणं थांबलं नाही.

दिवाळीनंतर एक नवी नवरी सासूबरोबर आली होती. मी तिथेच होते. पहिली बांगडी सांध्यावर फुटली. नव्या नवरीच्या हातात बांगडी फुटणं चांगलं मानत नाहीत. सासूचा चेहरा उतरला. दुसरीही फुटली. मग मुलीच्या तळव्यावर रक्त दिसलं आणि सासू ओरडली. मुलीला काहीच झालं नव्हतं. काच सकिनाबींच्या अंगठ्याशेजारच्या बोटात घुसली होती. त्यांनी बोट डोळ्यांजवळ धरून पाहिलं. "मला काय बी कळलं न्हाय," त्या म्हणाल्या.

सासू गेल्यावर त्यांनी सांगितलं की अंगठा आणि शेजारची दोन बोटं बरेच दिवस बधिर आहेत, झोपेत मुंग्या येतात, हात झटकत बसावं लागतं. नबीलाल थंडीवर ठपका ठेवून तेल चोळत होते.

माझ्या नणंदेची नात शिवांजली धाराशिवला फिजिओथेरपिस्ट आहे. मी सकिनाबींना एसटीने तिच्याकडे नेलं. तिने दोन्ही मनगटं दुमडून पंज्यांच्या पाठी एकमेकींना टेकवून धरायला लावल्या. थोड्याच वेळात मुंग्या आल्या.

"करंगळीत येतात का?"

"न्हाय. ती शहाणी हाय."

शिवांजली हसली. "करंगळीची नस वेगळ्या वाटेनं जाते, आजी." तिने सकिनाबींच्या पिशवीतली एक लहान बांगडी मागून घेतली. तिच्यात टेबलावरची पेनं एकेक करून खुपसली आणि शेवटी मोबाइलची पांढरी वायर. "हे तुमचं मनगट. पेनं म्हणजे बोटं मिटणाऱ्या दोऱ्या. ही वायर म्हणजे नस. दोऱ्या सुजल्या की कोण दबणार?"

"वायर. म्हंजे माप लहान पडलं."

"अगदी तेच." मग तिने त्यांचे दोन्ही तळवे शेजारी ठेवले. डाव्या अंगठ्याखाली मांस भरलेलं होतं. उजवीकडे ते बसलं होतं. "नसेकडून हुकूम मिळेना, म्हणून हा स्नायू वाळत चाललाय. मनगट सरळ ठेवणारा पट्टा देते, व्यायाम देते. सूज नाही उतरली तर छोटं ऑपरेशन. ते लवकर केलेलं बरं."

"कापायचं न्हाय," सकिनाबी म्हणाल्या. "बब्रुवान पाटलांच्या अर्पिताचं लगीन हाय उन्हाळ्यात. तिच्या आईचा चुडा म्या भरला, आजीच्या बांगड्या म्याच भरते. तिचा बी मीच भरणार. तोवर हात येईल का, तेवढं सांग."

"येईलही. शब्द देत नाही."

पट्टा आला. सकिनाबी तो दिवसभर दुकानात घालून बसत, आणि झोपताना काढून, पुसून, फडताळात ठेवत. पुढच्या खेपेला शिवांजलीच्या ते ध्यानात आलं.

"आजी, झोपेतच मनगट दुमडतं. पट्टा झोपेतच घालायचा!"

"झोपेत कोण बघतंय? उगी झिजायचा. दिवसा घातला तर गिऱ्हाइकाला कळतं तरी, म्हातारीचा हात दुखतोय."

कुणी हसलं नाही. मधले आठवडे वाया गेले होते.

तेव्हापासून पट्टा झोपेत. सकाळी मूठ, मग बोटं सरळ, मग मनगट मागे, अंगठा बाजूला. नस आपल्या वाटेत मोकळी सरकावी म्हणून. शिवांजलीने डोळे मिटून वस्तू ओळखायचाही सराव दिला. सकिनाबींना ओळखायचा होता हात. सून मेहनाजने आपला हात ओढून घेतला. नवरा जिता असताना बांगड्या फोडून घ्यायला ती तयार नव्हती. शेजारणी हसून निघून गेल्या.

"माझा घ्या," मी म्हटलं.

"तुमचा कसा वैनी?"

"माझ्या हातात फुटली तर आता कुणाचं काय वाईट व्हायचंय?"

नबीलाल उठून मशिदीकडे गेले. सकिनाबींनी सतरंजी झटकली. "बसा. तुमच्या हाताची तर नुसती हाडं राहिली. खाता का न्हाय?"

त्यांनी डोळे मिटले, माझा पंजा दाबला. "अडीच."

"बरोबर."

"बरोबर कसलं! ते मला आधीपास्नं ठावं. बोटं काय बी बोलली न्हाईत."

रोज दुपारी मी जात असे. बांगड्या फुटत, काचा मेहनाज झाडून घेई. ज्या चढत त्या मी तिथेच उतरवून देई. भरताना मला काही वाटलं नाही, उतरवतानाही नाही. पुढे फुटणं कमी झालं, तेव्हा नबीलाल खूश झाले. मी समोर बसलेली होते, मला दिसत होतं. सकिनाबींनी डोळे मिटणं सोडलं होतं. त्या हाताकडे बघून भरत होत्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी पाटलांच्या सोप्यात चुडा भरायला बायका जमल्या. मी मागे खांबापाशी बसले. अर्पिता पाटावर बसली. मेहनाज टोपली घेऊन बाजूला. सकिनाबींनी अर्पिताचा हात घेतला आणि मान खाली घातली.

"सकिना, आज जीभ घरी ठेवून आलीस का गं?" अर्पिताची आजी कस्तुराबाई म्हणाली. बायका हसल्या.

सकिनाबींची नजर अर्पिताच्या हातावरच होती. हिरवी बांगडी सांध्यापर्यंत गेली आणि थांबली. त्यांनी दाब दिला नाही. दाब किती आहे हे त्यांना कळत नव्हतं. अर्पिता वर बघायला लागली. मग त्यांनी बांगडी हळूच मागे घेतली, अख्खी.

"मेहनाज, तू बस."

"का म्हणून?" कस्तुराबाई म्हणाली. "आमाला तुझाच हात पायजे."

"माजा हात बघून बघून भरतोय, काकी. हे डोळ्यांचं काम न्हाय. एखादी फुटली तर जलमभर माजं नाव घ्याल."

मेहनाजने साबणाचं पाणी लावून भरल्या. वेळ लागला. एकही फुटली नाही. साडीचोळी कस्तुराबाईने सकिनाबींच्याच ओटीत घातली. ती त्यांनी वाटेत मेहनाजच्या हातात दिली.

दुकानापाशी आल्यावर त्या मला म्हणाल्या, "त्या धाराशिवच्या पोरीला फोन लावा. कापू दे म्हणावं."

मी तिथूनच लावला. शिवांजली म्हणाली, ती सर्जनची वेळ घेईल. ऑपरेशनने मुंग्या बहुतेक थांबतील. स्पर्श किती परत येईल ते सांगता येत नाही, वाळलेला स्नायू भरेलच असं नाही. मी जसंच्या तसं सांगितलं.

"बरं," सकिनाबी म्हणाल्या. "हात साबनाच्या पान्यात कधी घालता येईल?"

"टाके निघाल्यावर," मी शिवांजलीला विचारून सांगितलं.

"मग आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवसाची येळ घ्या. त्या दिवशी गिऱ्हाईक नसतं."