खारट औषध आणि पाच महिन्यांची गुप्तता

एकोणीसशे पन्नासनंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. वसईजवळच्या गिरीज गावातल्या आमच्या घरातलं औषधपाणी तेव्हा माझ्याकडे होतं. कोणाला काय, किती वाजता, हे मी स्वयंपाकघराच्या दाराआड पाटीवर लिहून ठेवी. धाकट्या जावेचं औषध दिवसातून तीनदा.

लग्नानंतर वर्षभरात तिची झोप उडाली होती. कोणाशी बोलेना, विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसे. वसईच्या डॉक्टरांनी ब्रोमाइडचं खारट औषध सुरू केलं आणि ती माणसांत आली. बाटलीला कातरलेली कागदाची पट्टी, एका खाचेला एक डोस. संपली की मी बाटली धुऊन दवाखान्यात नेई आणि कंपाउंडर ती भरून देई. डॉक्टरांपर्यंत जावंच लागत नसे.

मग तिला दिवस गेले. आमच्यात पाचवा लागेपर्यंत बाहेर सांगत नाहीत, आणि कंपाउंडर आमच्याच आळीतला.

"डॉक्टरांना विचारायला हवं," मी सासूबाईंना म्हटलं.

"म्हणजे कंपाउंडरच्या कानावर, म्हणजे सगळ्या बाजाराच्या! तुझी पाटी बोलते का कधी? तशी तूही बोलू नकोस."

मी बोलले नाही. सगळा दोष सासूबाईंचा नव्हता. ठरलेलं काम ठरल्या वेळी झालं की मला बरं वाटे, आणि डोस वेळेवर जात होते.

चौथ्यात ती चालताना चौकटीला धडकू लागली. तोंडावर पुरळ आलं. शब्द जड पडू लागले. "डोहाळे कडक आहेत," सासूबाई म्हणाल्या. एका दुपारी ती जेवता जेवता झोपली, घास तोंडातच. मी तो बोटाने काढला आणि टांग्याने वसई गाठून डॉक्टरांना तिला दिवस गेल्याचं सांगितलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कितवा?"

"पाचवा लागेल आता."

"आणि औषध?"

"एकही डोस चुकवला नाही." एरवी हे मी मान वर करून म्हटलं असतं. "मुलाला काय होईल?"

"खरं सांगू? मला माहीत नाही. आईच्या रक्तातलं मुलाला पोचतं, एवढं कळतं. पण एकदम बंद करू नका. मग ती विहीर आहेच."

डोस हळूहळू उतरवायचं ठरलं. अंगाचं जडपण कमी झालं तशी तिची नजर पुन्हा विहिरीकडे वळू लागली. मी तिला दिवसभर जवळ बसवून केळीची पानं पुसायला देई. ती रोज विचारी, "जाऊबाई, आज हललं का हो ते? मला कळत नाही."

मी पोटावर हात ठेवून हो म्हणे. काही दिवस ते खरं नसे.

दिवसातला शेवटचा एक डोस काही सुटला नाही. मुलगा झाला. "गुनाचं पोर गं," सुईण म्हणाली, "रडतच नाय!" अंग ओल्या फडक्यासारखं. छातीशी धरलं तरी ओढेना. आम्ही तासातासाला कापसाच्या वातीने त्याच्या ओठांवर दूध पिळत राहिलो.

तिसऱ्या दिवशी सासूबाई देवापुढून उठून आल्या. "माझ्यामुळे झालं का गं?"

"दोघींमुळे," मी म्हटलं आणि वात पुन्हा दुधात बुडवली.

बाराव्या दिवशी त्याने आपण होऊन दूध ओढलं. जाऊ रडली. मग तिने डोसाच्या पेल्याकडे पाहिलं. "हे दुधातूनही जातं का हो?"

मी पेला तसाच ठेवला आणि वसईला गेले. दवाखान्यात चार माणसं बसली होती, कंपाउंडर पुड्या बांधत होता. सगळ्यांदेखत मी डॉक्टरांना मोठ्याने विचारलं, "जावेचं औषध दुधातून मुलाला जातं का?"