पेशीच्या पडद्यातली भोकं

समस्त मंडळींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते, की खळ लावलेल्या सुताचा वास आला की हा धट्टाकट्टा इसम, म्हणजे मी, आजही पळ काढतो. कोरोनात माझी काकू दवाखान्यात होती, आत कुणाला सोडत नव्हते आणि शहापुरात विणकर काका मागावर खळीच्या सुताचे तुटलेले धागे सांधत बसले होते, मी शेजारीच होतो. त्यांनी सांधलेली जागा गिऱ्हाईकाच्या सासूलाही सापडत नसे! काकांची विषाणूशास्त्र शिकणारी लेक त्यांना समजावत होती, "आप्पा, विषाणू स्वतःचं प्रथिन बसवून पेशीच्या पडद्यात बारीक भोकं पाडतो. त्यातून क्षार गळतात, सूज येते, म्हणून आईच्या फुफ्फुसात पाणी भरतंय." तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. काकू गेली होती. हातातला धागा न सोडता काका लेकीला म्हणाले, "भोकंच व्हती न्हवं? मला आत सोडलं असतं तर सांधली असती की गं!"