नाकशेटच्या घरातला वास

त्या लॉन्ड्रीवाल्याला सगळी गल्ली नाकशेट म्हणायची, आणि हे नाव त्याने स्वतःच पसरवलं अशी समोरच्या सलूनवाल्याची पक्की खबर होती. गिऱ्हाइकाने गाठोडं सोडलं, की हा आधी शर्ट हुंगणार आणि मग तोंड उघडणार. "साहेब, सिगारेट सोडली म्हणता, पण हा शर्ट काही तसं म्हणत नाही." हे साहेबांच्या बायकोसमोर! धुतलेल्या कपड्यांवर तो घरी बनवलेलं सुगंधी पाणी शिंपडायचा. त्या वासाला नाव ठेवणाऱ्याचे कपडे पुढच्या खेपेला हमखास उशिरा मिळायचे.

अशा माणसाच्या घरात मुताचा वास यावा! गल्लीला आणखी काय हवं?

घरात माणसं तीन. तो, बायको आणि म्हातारे वडील, नाना. आई गेल्यापासून नानांनी बोलणं जवळजवळ टाकलं होतं. म्हणून सुनेने मैत्रिणीकडून एक मांजर आणली, कुणीतरी घर बदलताना मागे सोडलेली. करडी, जाडजूड, आणि चालणं असं की जणू भाडं वसूल करायला आलीय. नाना तिला बाईसाहेब म्हणू लागले, आणि निदान तिच्याशी तरी बोलू लागले.

नाकशेटने पहिल्याच दिवशी बजावलं, "वाळूच्या ट्रेबाहेर एकदा जरी घाण केली, तर त्याच दिवशी परत पाठवीन. नंतर रडायचं नाही कुणी."

ट्रेचं काम त्याने स्वतःकडे घेतलं. दुसऱ्या कुणाच्या हाताला ते जमणार थोडंच! रोज सकाळी दुकानातलं डाग काढायचं ब्लीच ओतून तो ट्रे घासायचा, नवी वाळू भरायचा आणि वर आपलं सुगंधी पाणी शिंपडायचा. ट्रे असा घमघमायचा की जवळून जाताना बायको नाकाला पदर लावायची. बाईसाहेब ट्रेजवळ जात, हुंगत, दोनदा शिंकत आणि शेपटी वर करून निघून जात.

मग नानांच्या खोलीतून वास येऊ लागला. नाकशेटने गादी हुंगली, रजई हुंगली आणि निकाल दिला.

"नाना, होतं असं या वयात. लाजू नका."

नानांनी खिडकीतल्या मांजरीकडे पाहिलं, मग मुलाकडे. "हो रे. कळतच नाही बघ मला."

"अहो, पण नाना तर..." बायकोने तोंड उघडलं.

"नाक माझं आहे की तुझं?"

झालं. दुसऱ्या दिवशी त्याने म्हाताऱ्यांसाठीच्या डायपरचं पाकीट आणून नानांच्या उशाशी ठेवलं. सलूनमध्ये दाढी करता करता सुस्कारे टाकले, "वडिलांचं फार करावं लागतं हो." सलूनवाल्याला सांगितलं म्हणजे गल्लीला सांगितलं. पुढे नाना दाढीला गेले, तेव्हा त्याने खुर्चीवर आधी प्लास्टिक अंथरलं. त्यानंतर नाना घरीच दाढी करू लागले, आणि संध्याकाळचा चहाही त्यांनी बंद केला. "उगाच कशाला," म्हणाले. नाकशेटने तर बहिणीला फोनही करून ठेवला, "थोडे दिवस नानांना तू ठेवून घे."

एका दुपारी दुकानातली वीज गेली, इस्त्र्या गार पडल्या, म्हणून तो अवेळी घरी आला. नानांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. रजईवर बाईसाहेब पाय फाकून, डोळे अर्धे मिटून निवांत बसल्या होत्या. बाजूला नाना धुतलेली चादर घेऊन उभे होते आणि हलक्या आवाजात सांगत होते, "आटप गं बाई, तो यायच्या आत."

नाकशेट दारातच थिजला. ते डायपरचं पाकीट उशाशी अजून न फोडलेलंच होतं.

"नाना... मला सांगितलं का नाहीत?"

नानांनी चादर खाली ठेवली. "तू हिला परत पाठवलं असतंस. मला थोडाच पाठवणार होतास?"

बहिणीला केलेला तो फोन नाकशेटला आठवला. त्याला वर बघवेना. त्याने नुसती ओली रजई उचलली आणि मोरीत जाऊन, साध्या साबणाने, बराच वेळ घासत बसला. मागून नाना आले.

"आणि तो ट्रे नुसत्या पाण्याने धू. तुझ्या त्या वासाने माझे डोळे चुरचुरतात, तिचं काय होत असेल?"

संध्याकाळी त्याने आधी बहिणीला फोन करून नानांचं येणं रद्द केलं. मग नानांना घेऊन सलूनमध्ये गेला. आत चारपाच जण होते. दाराशीच उभा राहून तो म्हणाला, "ते मी सांगितलं ना, ते नाना नव्हते. मांजर होती. मलाच कळलं नाही."

सलूनवाल्याचा वस्तरा हवेत थांबला. "म्हणजे शेट, बाप कोण आणि मांजर कोण, एवढंही..."

सगळे खो खो हसले. नाकशेट मान खाली घालून जमिनीवरचे केस बघत राहिला.

नाना खुर्चीत बसले. "पुरे रे. साबण लाव. कपडे बरे धुतो तो."

नुसत्या पाण्याने धुतलेल्या ट्रेमध्ये बाईसाहेब त्याच रात्री गेल्या. दुसऱ्या दिवशी सिगारेटवाले साहेब गाठोडं घेऊन आले आणि शर्ट मुद्दाम त्याच्या तोंडापुढे धरला. "हं शेट, काय म्हणतंय आज?"

नाकशेटने शर्ट हातभर लांब धरून बाजूला ठेवला. "परवा घेऊन जा," एवढंच म्हणाला.